चोडणची फेरी

दात दुखतो, हे वाक्य तिच्यापाशी नाही.
तिच्यापाशी आहे फ्रॉकची कॉलर, चावून चिंध्या झालेली,
उजव्या गालावर स्वतःचीच चापट,
आणि तीन दिवस न शिवलेला उंडो,
एरवी पोदेराचा भोंपू ऐकला की
ज्याच्यासाठी ती अनवाणी फाटकापर्यंत धावते.
तीन दिवसांनी मला कळलं.
आई असून, तीन दिवस.

म्हापशाला चौघांनी धरलं होतं तिला.
चौघांत मी. पाय माझ्याकडे होते.
डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले,
असल्या मुलांना भूलच द्यावी लागते,
बांबोळीला नंबर लावा.
नंबर लागला पाच महिन्यांनंतरचा.
'असल्या' मात्र त्याच दिवशी घरी आला,
काजूच्या बोंडूचा डाग पडावा तसा,
मी अजून धुतेच आहे.

मग कुणीतरी सांगितलं, रायबंदरला जा,
धक्क्यावरून चालत दहा मिनिटं,
डॉक्टर अनिसिया फुर्तादो.
पहिल्या खेपेला त्यांनी दुर्वाला नुसतं दार दाखवलं.
दुसऱ्या खेपेला खुर्ची.
वर, खाली, वर, खाली, अर्धा तास तेवढंच.
मी पर्स उघडली तर म्हणाल्या,
पाळण्याचे पैसे जत्रेत देतात, इथे नाही.

तिसऱ्या खेपेला सुकोरने पंखा बंद केला,
ट्यूब विझवली,
मोटारसायकलवरचा स्वतःचा काळा चष्मा
तिच्या नाकावर ठेवला.
तिने ठेवू दिला.
तोंड मात्र बंद.
'आ कर' म्हणजे काय, हे नऊ वर्षांत
कुणालाच तिला सांगता आलेलं नाही.

डॉक्टरांनी दातांबद्दल विचारलंच नाही.
विचारलं, हिला काय आवडतं?

फेरी, मी म्हटलं. फेरीची फळी.
पुढच्या साखळीपाशी उभी राहते,
दोन स्कूटरच्या मधे, तेलाच्या वासात,
आणि ती लोखंडी फळी काठावर आदळली
की हिचा जबडा तिच्याबरोबर खाली पडतो.
लाळ गळते. लोक बघतात.
मी रुमालाने पुसते,
हनुवटीखाली दोन बोटं लावून
तोंड मिटवते.

बोलता बोलता मला ऐकू आलं
मी काय बोलते आहे ते.

करा की मग, डॉक्टर म्हणाल्या. फेरी करा.

आणि मी, दोन शाळांतून 'झेपणार नाही' ऐकून
एक शब्द न बोलता परतलेली बाई,
त्या काळोख्या खोलीत इंजीन झाले.
घुर्रर्र केलं, साखळी खळखळवली,
सुकोरने स्टीलच्या ट्रेवर थाप मारली, धाड!

फळी पडली.

चार काळ्या दाढा. एक हिरडी फुगलेली.
एवढं सगळं घेऊन ती हसत होती कशी,
गेल्या रविवारी, माडाच्या सावलीला?

राव गो बाये, गाड्यो देंवूंक दी,
डॉक्टर कुजबुजत राहिल्या,
आरसा आत, कापूस आत,
एका दाढेत पांढरं सिमेंट भरेपर्यंत.
दुसरीला फळी मिटली. बोटासकट.
मोज्यातून रक्त आलं नाही, वळ आला.
त्या वळाकडे बघून म्हणाल्या,
चावण्याची तक्रार नाही हां हिची.

बांबोळी टळलेली नाही.
फुगलेली हिरडी तिथेच उघडावी लागेल,
नोव्हेंबरात, भूल देऊन.
रात्रीचा ब्रश आठ आकड्यांपर्यंत जातो,
नवव्याला मनगट पकडते.
पुदिन्याची पेस्ट तिला झोंबते,
म्हणून नुसतं पाणी. कधी तेही नाही.

त्या संध्याकाळी परततीच्या फेरीत
मासळीची पिशवी घेतलेला एक माणूस
आमच्याकडे बघत होता, बघतात तसा.
चोडणचा काठ आला. फळी पडली.
तिचं तोंड उघडलं.
हात सवयीने रुमालाकडे गेला.

मग मी गुडघ्यांवर बसले,
तेलकट पत्र्यावर, साडीसकट,
आणि वाकून आत पाहिलं,
खूप आत, उजवीकडे,
तांदळाच्या कणीएवढं पांढरं.

मागच्या स्कूटरवाल्यांनी हॉर्न धरले होते.
धरू देत.