खोडलेला कागद

जेनोआ. धक्क्यामागची तिसरी गल्ली.
नोटरी ओबेर्तोंच्या मेजाशी बसून
मी रोज एक खोटं सुवाच्य अक्षरात लिहितो:
तेदिझिओने लान्फ्रांकोकडून घेतले चारशे लिरा,
बिनव्याजी, निव्वळ प्रेमापोटी.

प्रेम कसलं! दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत.
चारशे लिरा कुणी पाहिलेलेच नसतात.
पण वादळावर पैज म्हणजे देवाच्या ताटात हात,
म्हणून वादळ कागदावर येत नाही.
येते एक ओळ, शेवटी, अंग चोरून:
जहाज सुखरूप पोहोचलं तर हा करार रद्द.

तुरटीची पोती मोजून झाली.
दाराशी आर्जेंता, हात पिठाचे तसेच.
"वल्ह्यावरच्या माणसाचे किती लिहिता?"
ओबेर्तोंनी टाक झटकला.
"माणसाचं देव बघतो, बाई."
ती मेणबत्ती घेऊन चर्चकडे गेली.
तिचाही हप्ताच तो.

जहाज आलं की मी करारावर
दोन तिरप्या रेघा ओढतो.
सुखरूप असण्याचा आमच्याकडे एवढाच पुरावा.
कपाट भरलंय असल्या आनंदांनी,
कसर लागलेल्या.

'सान तेरामो'चा कागद मार्चपासून वरच आहे,
दगडाखाली.
तेदिझिओ हल्ली गल्ली बदलून जातो.
आर्जेंता येते, आत येत नाही,
उंबऱ्यातूनच विचारते: रेघ ओढली का?

काल ओबेर्तो जेवायला गेले तेव्हा
मी टाक बुडवला,
कागदावर धरला,
धरूनच राहिलो.
थेंब पडला तो नेमका
'प्रेमापोटी'वर.