एकशे बारा टक्के

डबी क्रमांक तेवीस. झाकणाला पोचा.
रिकामी : एकवीस पूर्णांक चौतीस.
आधी रिकाम्याचं वजन, कोठावदे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
नाहीतर डबीलाही माती समजून बसशील.

गंगापूर धरणाच्या तळातला गाळ.
घट्ट दह्यासारखा, काळा, चमचा सोडत नव्हता.
होडीतून काढून, मेणकापडात बांधून
दिंडोरी रोडवर आमच्याकडे आला.
डबीसकट त्रेसष्ट पूर्णांक चौऱ्याहत्तर.
भट्टी एकशे पाचवर.

भट्टीत डबा गरम करायचा नाही.
हे मी शिकले मटकीची उसळ ठेवून :
त्या दिवशी नऊ नमुन्यांना वाफ लागली,
नऊही पुन्हा करावे लागले
आणि हेमराज शिपाई आठवडाभर विचारत होता,
ताई, आज मातीला फोडणी कसली?

पाणी जाताना दिसत नाही.
रात्रभर भट्टी नुसती घुमते,
सकाळी गाळाला भेगा, कड डबीपासून सुटलेली.
मग डेसिकेटरमध्ये थंड होऊ द्यायचं,
खालचे निळे खडे गुलाबी झालेत का बघायचं,
आणि तोलायचं.
एक्केचाळीस पूर्णांक छत्तीस.
पुन्हा भट्टी. पुन्हा तोल. चौतीस.
पुन्हा. चौतीस.
दोनदा सारखं आलं की थांबायचं.
त्याआधी कंटाळून थांबलेलं चालत नाही.

कोरडा गाळ वीस ग्रॅम.
गेलेलं पाणी बावीस पूर्णांक चाळीस.
एकशे बारा टक्के.
मी खोडरबर शोधायला लागले.

भागलंस कशानं? साहेब चष्मा न काढता म्हणाले.
कोरड्यानं ना?
मग बरोबर आहे.
उरलेल्यापेक्षा गेलेलं जास्त असू शकतं, बाई.

दुपारी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून फोन :
शंभरावर टक्के ओल? टायपिंगची चूक असेल.
साहेब तोवर पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला गेले होते.
मी म्हटलं, चूक नाही, कशानं भागलंय ते बघा.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.

संध्याकाळी डबी घासली, वाळवली,
महिनाअखेरची तपासणी म्हणून रिकामी तोलली.
एकवीस पूर्णांक तेहेतीस.
काटा शून्यावर आणून पुन्हा.
तेहेतीस.

किती वर्षं राखेनं, ब्रशनं, नखानं खरवडतोय आपण हिला.

यादीतल्या चौतीसवर एकच रेघ मारली,
खालचा आकडा वाचता येईल अशी.
शेजारी नवा. तारीख. सही.