सोडण्याचे कारण

धकाते बाबूंच्या टेबलावर कूलरचा अर्धाच वारा येतो,
म्हणून अर्धे कागद उडतात, अर्धे कोपराला चिकटतात.
"टीसी काऊन पाहिजे वं? एकच वर्ष तं राहिलं."
मी सांगते. ते पेनाचं टोपण चघळत ऐकतात,
मग रकाना अकरावर बोट ठेवतात:
सोडण्याचे कारण.

"लिही काही बी. सगळ्या 'लग्न' लिहितात."

खिडकीबाहेर कमाल चौकातली दुपार,
पंचेचाळीस पूर्णांक दोन.

या इमारतीत दोन वर्षं मी पेपराच्या बाह्या कापल्या.
ब्राउन पेपर महाग, म्हणून हेडाऊ मॅडम
घरची रद्दी आणायला लावत.
माझ्या डाव्या बाहीवर 'भाड्याने देणे आहे',
गळ्यावर बारावीचा निकाल,
पाठीवर कुणाच्या तरी तेरवीचा फोटो.
त्याच्या कपाळातून मी डार्ट काढला होता,
मनात माफी मागून.

वर्धा रोडच्या त्या काचेच्या शाळेत
मुलाखतीला तिघं होते, आणि एसी इतका
की ओढणी पहिल्यांदाच अंगावर घ्यावीशी वाटली.
पोर्टफोलिओ, म्हणाले. मी रद्दी उलगडली.
पांढऱ्या केसांच्या बाईंनी बाही उजेडात धरली
आणि चक्क वाचत बसल्या:
दोन खोल्या, नळ स्वतंत्र, मानेवाडा.
"इन्स्पिरेशन काय तुमचं?"
मला वाटलं, कापडाचं विचारून राहिल्या.
म्हटलं, कॉटन.
एक जण हसला. बाई हसल्या नाहीत.

दोन वर्षांचं त्यांनी एक सेमिस्टर धरलं.
हुक, काज, अस्तर, कटोरी ब्लाऊज,
हे आमच्याकडे कुठं बसत नाही, म्हणाले.
बसत नाही, हे मी रोज ऐकते.
बसत नसलं की उसवायचं.

तिथल्या डमीला पोट नाही.
मी ज्यांची मापं घेतली त्या सगळ्या
टेप कमरेशी आली की श्वास ओढून धरायच्या,
आणि मी काही न बोलता
वहीत दीड इंच वाढवून लिहायची.
हे कुठल्या सेमिस्टरात धरता?

आईनं फीचा कागद फॉलच्या डब्याखाली ठेवला.
सव्वा लाख. फॉल-पिको चाळीस रुपये.
बोटंही न मोडता म्हणाली,
"तीन हजार एकशे पंचवीस साड्या."
मशीन चालू केलं, बंद केलं.
"त्यातल्या सहा तं आजच आल्या."

मॅडमना भेटायला गेले तर त्या नव्या बॅचवर
तेच ओरडत होत्या, माझ्या वेळचं:
"मार्जिन सोडा वं! दोन बोटं सोडा!
आज कापड वाचवता, अन् पुढच्या साली
पोरगी वाढली का माझ्यापाशी रडत येता!"
मला पाहून थांबल्या.
"तू अजून इथंच?"

"अजून कोरंच?" धकाते बाबू विचारतात.
डबा उघडलाय, वांग्याचा वास फायलींत शिरलाय.
मी 'पुढील शिक्षण' लिहिते.
रकाना दोन बोटांचा, जास्त मावत नाही.
ते मोठ्यानं वाचतात, प्रणोती अरुण बारापात्रे,
जसं काही कुणी दुसरीच आहे,
आणि शिक्का मारतात. जरा तिरका बसतो.
पन्नास रुपये. पावती नाही.

सायकल स्टँडच्या पत्र्याखाली
तोंडाला ओढणी गुंडाळायला हात वर करते तेव्हा दिसतं:
दहावीतला कुर्ता, परवाच आईनं काखेपासून सैल केलेला.
जुन्या शिवणीची भोकं ओळीनं,
आणि त्यांच्या पलीकडे बोटभर पट्टी,
गडद निळी.
बाकी कुर्त्याचा रंग कधीच उडाला.
या पट्टीला अजून ऊन माहीत नव्हतं.

आता लागून राहिलं आहे.