नुसतं बसायला

भाचीनं फोटो पाठवला स्वीडनहून.
गेरूच्या रंगाचं लाकडी घर, मागं करडा समुद्र,
झाडं पिवळी पडलेली, दारात रबरी बुटांचा चिखलानं भरलेला जोड.
शनिवार-रविवार जातोत आम्ही इथं, म्हणली उत्कर्षा.
कशाला गं, म्हणलं.
नुसतं बसायला, मावशी.

शहनाजला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडायली होती.
ताट बाजूला सरकवलं तिनं.
इतक्या लांब जातेत, आणि बसतेत?
कुणाचं काय असतं तिथं? लग्न? बाळंतपण?
कुणाचं काहीच नसतं.
बराच वेळ ती चष्म्याची काडी चावत राहिली.
मग म्हणली,
आपल्याला समुद्र कुठला अनुसया,
पण नाथसागर आहे की.

औषध कंपनीचं कॅलेंडर काढलं.
तीस वर्षं अशाच कॅलेंडरांवर
आम्ही पोलिओच्या तारखांना गोल केले,
पगारवाढीच्या, संपाच्या, कुणाकुणाच्या नवव्या महिन्याच्या.
आज पहिल्यांदा एका शनिवाराला गोल केला
ज्याच्यात काहीच नव्हतं.
कोजागरी झाल्यावरचा. सोयाबीन घरात आलेलं असेल,
ऊन उतरलं की अंगावर पातळसं गार येईल.

अंबडहून सकाळची एसटी, पाचोडला बदलायची.
पैठणहून पुढं रिक्षा,
जिथं जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरतो
आणि परत वर येत नाही, तिथपर्यंत.
पाटबंधाऱ्याच्या विश्रामगृहाला फोन लावला.
माणसं किती?
दोघी.
सोबत कोण?
दोघीच एकमेकींच्या सोबत.
काम काय होतं मॅडम?
शहनाजनं माझ्याकडं बघितलं, फोनवर हात ठेवला,
आणि म्हणली, पाणी बघायचंय.
तपासणी आहे का, असं समजून
चौकीदार एकदम अदबीनं बोलायला लागला.
पांघरुणं तुमची तुम्ही आणा, म्हणाला. बल्ब बदलून ठेवतो.

यादी तिनंच केली.
धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थर्मास, दोन गोधड्या,
बीपीच्या गोळ्या, माझ्या गुडघ्याचा पट्टा.
खाली बारीक अक्षरात:
हातमोजे, निर्जंतुक कात्री, नाळ बांधायचा दोरा.
हे कशाला?
कुणी अडलं तर?
नुसतं बसायचंय, शहनाज.
हो, बसूच की. पण कुणी अडलं तर?
मी ती ओळ खोडली. तिनं पुन्हा लिहिली.

खरं म्हणजे आम्ही एकदा बसलेलोत.
उपकेंद्राच्या पायरीवर, पहाटे तीनला,
लाईट गेलेले, आत एक बाळ
फार उशिरा, पण रडलं होतं.
हात धुतले आणि पायरीवर टेकलोत.
दोघींत एकच कप चहा, तोही बिनदुधाचा.
कोण काय बोललं आठवत नाही,
बहुतेक कुणीच नाही.
पाचची गाडी आली, भोंगा वाजला
आणि ती रजिस्टर भरायला उठली.
चौतीस वर्षं झाली. बाळाला आता बाळं असतील.

घरी अजून सांगितलेलं नाही.
बॅग दिसली की सून विचारणार, कुणाकडं?
गल्ली विचारणार, कोण गेलं?
उत्तर सापडत नाही, म्हणून सध्या बॅग पलंगाखाली आहे.

काल संध्याकाळी सराव म्हणून
मागच्या ओट्यावर बसून पाहिलं.
फोन आत ठेवला. हातात भाजी नाही, माळ नाही.
समोर भिंत, भिंतीवर एक सरडा,
त्याला मात्र हे काम चांगलं येतं.
अकरा मिनिटं टिकले.
मग दोरीवरचे कपडे दिसले.

रात्री शहनाजला विचारलं.
सात, म्हणली ती. तेही गॅसवर दूध ठेवून.

बघू.
अजून आठ दिवस आहेत.