समुद्राखालचा चौक

फेरो बेटांवर मार्यून पहाटे चारला पाव भाजते,
साडेपाचला गाडीत भरते.
पलीकडच्या बेटावर सुनवरचं दुकान:
बोगद्यातून पंधरा मिनिटं,
जुन्या रस्त्याने, डोंगराला वळसा घालून, तास.
अडीच वर्षं ती तासाच्याच रस्त्याने गेली.
पाव पोचायचे तेव्हा गार.

सुनवरने कधी विचारलं नाही.
गिऱ्हाइकांना म्हणायची, घरी जरा शेकून घ्या.

एका फेब्रुवारीत, बोगद्याच्या उतारावर,
मार्यूनची छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या,
आणि डोक्यावरचा अख्खा समुद्र
तिला एकटीला आठवला.
डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत.
मन चिंती ते वैरी न चिंती, खरंय,
पण वैरी निदान रात्री झोपतो.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर टूरी
मोजे विणत ऐकायची.
"घाबरू नकोस" असं एकदाही म्हणाली नाही.
म्हणाली, वही घे. भीतीला आकडा दे, शून्य ते दहा.

बोगद्याच्या तोंडाशी, गाडी बंद करून: सात.
आतल्या पहिल्या थांब्यापर्यंत, नवरा शेजारी: पाच.
"बार्दुरला घरी ठेव," टूरी म्हणाली,
"तो रेडिओ लावतो, आणि तू त्याची बाही धरतेस."

मग तो बुधवार.
बोगद्याच्या पोटात एक गोल चौक आहे,
मधोमध कातळाचा खांब, भोवती निळे दिवे.
तिथे तिचा फाटा हुकला.
नऊ.
वळसा घेतला. पुन्हा हुकला.
मासळीचा ट्रक मागून ओरडला, निघून गेला.
तिसऱ्या फेरीत तिच्या लक्षात आलं
की आपण फाटा शोधतच नाही आहोत.
हात घामेजलेले, मागे पावांचा वास,
आणि अंगणात मूल गिरकी घेतं
तशी ती नुसती फिरते आहे, समुद्राच्या तळाखाली.
धडधड होतीच.
धडधडीसकट ती होती.
आठ. साडेसहा.
तिने काही केलं नव्हतं.
ओहोटीला कोण हाकलतं?

बाहेर धुकं, रस्त्यात बसलेल्या मेंढ्या.
सुनवरने टोपलीत हात घातला, तसाच राहू दिला.
"ऊन आहेत," एवढंच म्हणाली.

गुरुवारी मार्यून जुन्या रस्त्याने गेली.
वहीत तेही लिहिलं, आकड्याशिवाय.

टूरीने पान वाचलं, सुईवरचे टाके मोजले,
आणि विचारलं,
"उद्या किती वाजता निघतेस?"