तेविसाव्या दिवसाची चिठ्ठी

लोरेटाबाईंनी लोणच्याच्या पाच बरण्या धुऊन आणल्या.
शेपूचा वास काही केल्या गेला नव्हता.
आम्ही पाच जण, प्रत्येकाला एक बरणी,
बरणीत एप्रिलच्या तीस चिठ्ठ्या :
डुलूथच्या लायब्ररीतली बाद झालेली कार्डं कापून
पाठीमागे तिरक्या अक्षरात एकेक विषय.
रोज एक काढा, रोज एक कविता लिहा.
चांगली झालीच पाहिजे असं नाही, बाई म्हणाल्या,
पण झाली पाहिजे.

मी दात साफ करते. लोकांचे.
दिवसभर बोलते ती उघड्या तोंडांशी,
त्यांना उत्तर देता येत नाही.
कवितेला याहून चांगली तालीम कुठली?

पहिल्या दिवशी ‘किल्ली’. जमली.
दुसऱ्या दिवशी ‘बर्फ’, आणि तिथेच घसरले.
यांचा पडणारा वेगळा, गोठलेला वेगळा,
पहाटे उतारावर न दिसता दबा धरून बसणारा वेगळा.
माझ्याकडे एकच शब्द,
तोही उसाच्या रसात विरघळत आलेला.
सहाव्या दिवशी ‘राइस’ निघाला आणि हिशेब फिटला :
साळ, तांदूळ, भात, कण्या, पेज,
मी आपली वाढतेय, वाढतेय,
आणि त्यांच्या ताटात एवढासा एकच शब्द.

नववा दिवस : ‘एखाद्या भाजीला पत्र’.
शेपूला लिहिलं. चार ओळींत माफी मागितली.

बाराव्या दिवशी काही नाही.
क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले,
वही मांडीवर, काचेवर श्वासाची वाफ.
खाली तळ्यावर पूल उचलला गेला,
लोखंडाच्या जहाजाने भोंगा दिला,
पुलाने त्याला उत्तर दिलं.
मला कुणी काही विचारलंच नव्हतं.
तारीख घातली, वही मिटली.

तेरावा म्हटलं की आपल्या मनात भलतंच येतं.
चिठ्ठी निघाली ‘वाढदिवस’.
हसून हसून पेन खाली पडलं.

मग तेविसावा.
कार्ड नव्हतं, पावतीचा पाठकोरा कागद होता.
अक्षर तेच, तिरकं :
दूध. अंडी. मांजराचं औषध.
जिन्यातला बल्ब.
वॉल्टरला फोन करायचा नाही.

मला कळलं. लगेच कळलं.
हे आपल्यासाठी नाही, घडी घालून परत द्यावं,
हेही कळलं.
पण पहाटेचे पाच वाजले होते,
रोज एक, असं ठरलं होतं,
आणि बावीस दिवसांत पहिल्यांदा
विषय माझ्याकडे बघत होता.
चहा निवला. एकदाही खोडलं नाही.

रविवारी सगळ्यांनी वाचून दाखवलं.
बोटीवर स्वयंपाकी असलेल्या आर्नेने गंजावर लिहिलेलं,
मर्सीने आपल्या दोन्ही गुडघ्यांवर.
मी आधी मराठीत वाचते, मग अर्थ सांगते.
नाव मी काढून टाकलं होतं. ‘त्याला’ एवढंच ठेवलं होतं.
पण मराठीत बल्बला बल्बच म्हणतात.
त्या एका शब्दाशी लोरेटाबाईंची मान वर झाली.

‘तिथे गेली होय ती यादी,’ त्या म्हणाल्या,
‘महिना झाला, जिना चाचपत चढतेय मी.’
सगळे हसले. त्याही हसल्या.
मग कोट चढवताना, बाकीचे दाराशी पोचल्यावर,
हळूच :
‘शेवटची ओळ काय होती? तिचा अर्थ सांगितला नाहीस.’

मी म्हटलं, तिचं भाषांतर होत नाही.

इतक्या वर्षांत मराठीच्या नावावर
इतकं सरळ खोटं मी बोलले नव्हते.
त्यांनी मान हलवली, बटणं लावली,
एक बटण चुकलं, ते तसंच राहू दिलं.

घरी जाताना दुकानात थांबले.
बल्ब घेतले, दोनाचं पाकीट.
द्यायचे कसे, ते अजून ठरलेलं नाही.

रात्री बरणीत हात घातला : ‘गवत’.
बाहेर कुंपणाइतका बर्फ,
एप्रिल संपत आलेला.
तारीख घातली.