नाडीपरीक्षा

दवाखाना म्हणजे काय, तर एक लाकडी खोली.
मागे तळं, पुढे पाइनची झाडं, दोन खाटा,
एक फ्रिज, त्यात बर्फाच्या पिशव्या
आणि त्यांच्या आड स्वयंपाकी थिबोडोनं
स्वतःपासूनच लपवून ठेवलेला चीजकेक.
शिवाय एक जाड वही. तिच्यात मी लिहायचं:
नाव, केबिन, तक्रार, उपचार.

बाकी वर्षभर मी बँगोरच्या इस्पितळात
हृदयरुग्णांच्या मजल्यावर रात्रपाळी करते.
तिथे कुणी "मी आता मरणार" म्हणालं की धावावं लागतं.
इथे तेच वाक्य नऊ वर्षांची ओडील पेलेटिए
रोज न्याहारीच्या रांगेत म्हणते,
ओटमील दिसलं की.

पहिल्याच दिवशी विन्स्लोला ताप. एकशे नऊ.
मी थर्मामीटर पाहिला, मग टेबलावरचा दिवा,
मग विन्स्लो.
"एवढ्या तापात माणूस उरत नाही रे,
सूप उरतं."
तो विचारात पडला. "मग एकशे दोन लिहा."
घासाघीस करत आम्ही
साडेअठ्ठ्याण्णववर सौदा तोडला.

मग ओडील, या वेळी खरंच काहीतरी घेऊन. म्हणजे, न घेऊन.
शेकोटीपाशी मार्शमेलोबरोबर तिनं दात गिळला होता
आणि आता प्रश्न कायद्याचा होता:
पुराव्याशिवाय परी पैसे देते का?
मी छापील कागद काढला, शिक्का मारला:
"सदर दात अर्जदाराच्या पोटात सुखरूप असून
यथावकाश बाहेर येईल. तो परत मागू नये."
सकाळी उशीखाली एक डॉलर,
आणि दाराशी आणखी चौघी,
हलणारे दात जिभेनं ढकलत.

पण रूफस लिचफील्ड.
वय आठ, केबिन बीव्हर,
रोज बरोबर पावणेअकराला, पोहण्याच्या शिट्टीआधी,
दोन्ही हात पोटावर घट्ट.
सोमवारी पोट. मंगळवारी पोट.
बुधवारी केस दुखत होते.
गुरुवारी पुन्हा पोट, "पण वेगळं."
मी मनगट हातात घ्यायची, घड्याळाकडे बघायची.
नाडी एकदम छान. रेल्वेच्या इंजिनासारखी.
खारी बिस्किटं, पाण्याचा पेला, जा.

आठव्या दिवशी मी शहाणपणा केला.
खाटेवर त्याच्याशेजारी बसले आणि सांगितलं
की पाण्याची भीती सगळ्यांनाच वाटते,
मीसुद्धा लहानपणी केनेबेक नदीत कशी गटांगळ्या खात होते,
आणि धैर्य म्हणजे काय. पाच मिनिटं तरी बोलले.
माझेच डोळे भरून आले.

रूफसनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.
"मला पोहता येतं," म्हणाला,
"मागच्या वर्षी पदक मिळालंय."
मग दाराकडे बघून, अगदी हळू:
"चड्डीची नाडी आत गेलीय.
पहिल्या दिवशी उडी मारली तेव्हा
मी वर आलो.
चड्डी नाही आली."

सतरा वर्षं मी नर्स आहे.
हजारो मनगटं धरली असतील.
आणि इथे आठ दिवस
भलतीच नाडी बघत होते.

आत गेलेली काही सापडली नाही, तुटली असावी.
मी गॉझची पट्टी कापली, सेफ्टी पिनला ओवली,
नेफ्यातून सुरवंटासारखी सरकवत
दुसऱ्या टोकाला बाहेर काढली. दुहेरी गाठ.
"ओढून बघ." त्यानं ओढली. "उडी मार."
त्यानं दवाखान्यातच तीन मारल्या,
बर्फाची पिशवी पडली, जाळीचं दार आपटलं,
बिस्किटं तशीच राहिली.

ऑगस्टमध्ये डॉक्टर हॅस्केल वही तपासायला येतात.
एका ओळीवर त्यांचं पेन थांबलं.
तक्रार: पोटदुखी. उपचार: नाडी.
"क्रियापद राहिलंय. पाहिली, असं हवं ना?"
"नाही," मी म्हटलं, "घातली."
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं
आणि सही केली. चीजकेक दिसल्यामुळे असेल.

त्या दिवशी मात्र मी खिडकीशी गेले होते.
धक्क्याच्या टोकावरून एक पोरगं धावत आलं,
पाय हवेत, तोंड उघडं,
आणि दोन्ही हात,
आठ दिवसांत पहिल्यांदा,
डोक्याच्याही वर.